ट्रॅक्टरखालचा नट

घणसोलीतली भातशेती नव्या शहरासाठी सरकारने घेतली, तरी जयदेवने वडिलांचा ट्रॅक्टर विकला नाही. त्यावर तो विटांच्या खेपा मारायचा आणि दर दोन-तीन महिन्यांनी अंगणात स्वतःच ऑइल बदलायचा.

शहाण्णव सालच्या मार्चमधली दुपार होती. ग्रीस भरायला पुढची चाकं काढून त्याने ट्रॅक्टर जॅकवर चढवला होता. खाली शिरून त्याने जुनं ऑइल घमेल्यात सोडलं. ते निथळल्यावर तो इंजिनच्या तळाशी असलेला ऑइल चेंबरचा नट पान्याने परत बसवू लागला.

नट अर्धा आवळला असेल, तोच कुणीतरी त्याचे दोन्ही पाय धरून त्याला बाहेर ओढलं. पाठ खरचटली. तो काही बोलणार, एवढ्यात जॅक सटकला आणि इंजिन धप्पकन घमेल्यावर बसलं. घमेलं पार चपटं झालं.

आवाज ऐकून त्याची बायको कमळी फाटकातून धावत आली; तो मान वर करीपर्यंत ती त्याच्या पायांशी पोचली होती.

"तू ओढलंस म्हनून वाचलो गं," जयदेव म्हणाला.

"मी? मी तं आताच येतेय बाजारातून."

अंगणात दुसरं कुणीच नव्हतं. कमळीने त्याच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही घोट्यांवर काळ्या ऑइलची बोटं उमटली होती.

"कोन का असंना," ती हळूच म्हणाली, "माझं मानूस राखलं. हात जोडा तुमी."

जयदेवने हात जोडले. त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात ट्रॅक्टरखालून, जिथे आता हातसुद्धा शिरला नसता, पाना फिरल्याचा आवाज आला. कुणीतरी तो नट सावकाश, नीट आवळत होतं.