दगडासोबत आलेली शिंपली

"पप्पा, जेवून घ्या. ती कुठे पळून जात नाही," तेजल म्हणाली.

भीमराज टाकीसमोरून हलले नाहीत. कांजूरमार्गच्या त्यांच्या घरात हॉलची एक भिंत खाऱ्या पाण्याच्या टाकीने अडवली होती. आत मासे होते आणि चार वर्षं जपून वाढवलेली कोरलं, म्हणजे जिवंत प्रवाळं. आठ दिवसांपूर्वी मुलुंडच्या यज्ञेशने आपल्या टाकीतल्या कोरलचा एक तुकडा दिला होता. त्या तुकड्याखालच्या दगडाला चिकटून एक शिंपली न बोलावता आली होती. उलट्या वाटीसारखी, बोटाच्या पेराएवढी. टाकीवाल्यांच्या ग्रुपवर तिघे म्हणाले, काढून फेका, सगळी कोरलं खाईल. दोघे म्हणाले, राहू द्या, शेवाळ खाते. भीमराजांना सकाळपासून काही सुचत नव्हतं.

सोफ्याच्या कडेला परेश बसला होता. त्याला आज वेगळंच बोलायचं होतं. तेजलचं आणि त्याचं जमून दोन वर्षं झाली होती. भीमराजांची एकच अट होती: तुझ्या आईने या घरी येऊन पोरगी मागायची. तेजलसाठी दिंडोशीहून एक स्थळ आलं होतं, त्यांना महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. आणि परेशची आई मंजुळाबाई, वर्सोव्याला मासळी विकणाऱ्या, यायला तयार नव्हत्या. मुलगी आपल्यातली नाही, हे त्या हळू बोलायच्या. दुसरं कारण मोठ्याने सांगायच्या. "ज्यांना समुद्र बघायला गाडी करून यावं लागतं, त्यांची पोरगी माझ्या घरात काय करणार? मासळीची पाटी बघून नाकाला रुमाल लावेल."

"तू तर समुद्राकाठचा ना रे?" भीमराजांनी विचारलं. "ही कसली शिंपली, सांग की."

परेश विमा कंपनीत कारकून होता. तो होडीत दोनदा बसला होता आणि दोन्ही वेळा त्याला उलटी झाली होती. "मला नाही कळत काका," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आईला कळतं."

तेजलने त्याच्याकडे बघितलं. त्याने फोन लावला.

"आई, आमच्या ऑफिसात एक जण आहे. त्याच्या वडिलांच्या टाकीत शिंपली आलीय. जरा बघतेस?" त्याने कॅमेरा काचेला लावला. कुणाचं तोंड दिसणार नाही, एवढी काळजी घेतली.

दुपारी बाजार उठला होता. मंजुळाबाई पाटी धूत होत्या. त्यांनी हात पुसले, फोन डोळ्यांजवळ घेतला.

"या तर आमच्या खडकावर शेकड्यांनी असतात. नाव विचारू नका. खायला हिच्यात काही नाही, म्हणून कुणी नाव ठेवलं नाही. डोक्यावर भोक आहे का बघा."

"पांढरा ठिपका दिसतोय ताई," भीमराज म्हणाले. "भोक आहे की काय, कळत नाही."

"मग दगड उजेडात धरा. शिंपलीला ओढू नका. हात लागला की ती घट्ट बसते, ओढलं तर फाटून मरते."

तेजलने बाही वर केली. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून दगड अलगद वर आणला आणि दिव्याखाली धरला.

"हात कुणाचा?"

"माझ्या मुलीचा."

"पाणी कोण बदलतं टाकीचं?"

"तीच. माझी कंबर धरते. बादल्या तीच उचलते."

"हं. ठिपका जवळून दाखवा." मंजुळाबाई बघत राहिल्या. "भोक नाही. कवच झिजलंय नुसतं. भोकवाली असती तर मी भरवसा दिला नसता, ती मऊ जीवही खाते. आता हिच्या मागचा दगड बघा. शेवाळ आहे?"

"नाही. पट्टाच्या पट्टा साफ झालाय."

"आणि कोरल?"

"जसंच्या तसं."

"मग शेवाळच खातेय. तरी पंधरा दिवस नजर ठेवा." परेशला वाटलं, आता त्या फोन ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. "समजा, भोकवाली निघाली असती. कुठे फेकणार होता?"

"फेकतो कशाला?" भीमराज म्हणाले. "वेगळ्या डब्यात ठेवली असती. न विचारता आली, पण घरात आलीय ना. तिची सोय आपणच बघायची."

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाल्याचा आवाज आला.

"एवढा व्याप कशाला केलात दादा? मासे बघायचे तर समुद्र आहेच की."

भीमराज ओशाळून हसले. "एकोणीस वर्षांचा होईपर्यंत मी समुद्र बघितला नव्हता ताई. पहिल्यांदा बघितला, तेव्हा वाटलं, थोडासा घरी न्यावा. नोकरी संपल्यावर आणला."

मंजुळाबाई मग मीठ किती घालता, उन्हाळ्यात पाणी तापतं का, पोरगी या वासाला कंटाळत नाही का, असं बरंच विचारत बसल्या. भीमराज सांगत राहिले. या वासातच तिने कॉलेजचा अभ्यास केला, असंही सांगून झालं. अर्धा तास गेला. परेशचा हात अवघडला. शेवटी भीमराज आभार मानून हात धुवायला गेले, तेव्हा तेजलने ताट वाढलं. परेशने फोन कानाला लावला.

"ठेवतो आई."

"थांब. ऑफिसातल्या कुणाच्या वडिलांसाठी तू रविवारची झोप मोडत नाहीस, एवढं मला कळतं. तेजलच्या पप्पांना सांग, पुढच्या रविवारी येते मी."