निष्पत्तीचा रकाना

"एकतीस वेळा एकच मुलगी?" तपासनीसानं रजिस्टर फिरवून बाईंपुढे सरकवलं. "आणि एकतीस वेळा भेटीचं कारण काय, तर 'काही नाही'. मॅडम, हे समुपदेशनाचं रजिस्टर आहे की थट्टा?"

"ती तेच म्हणते, साहेब," समुपदेशक बाई म्हणाल्या. "काय झालं विचारलं की 'काही नाही'. ती म्हणते ते मी लिहिते."

तपासनीसानं खुर्चीत पाय दुमडून बघितले. खुर्ची मुलांच्या मापाची होती. गुडघे टेबलाला घासत होते. बाईंची सोडली तर दुसरी खुर्ची नव्हती. खोली तरी कसली, खेळाच्या सामानाची अडगळ. एका कोपऱ्यात हवा गेलेले चेंडू, दुसऱ्या कोपऱ्यात बाईंचं टेबल. टेबलावर रंगीत पेन्सिली, खोडरबरं यांचं खोकं आणि पाण्याचा जग.

आठवड्यातली ही सहावी शाळा. आधीच्या पाच शाळांत काम तासाभरात उरकलं होतं. तिथे सगळं आकड्यांत मांडून ठेवलेलं होतं. इतकी प्रकरणं आली, इतकी निकाली निघाली. इथे दोन तास झाले तरी बेरीज पुढे सरकत नव्हती. फॉर्म तसा सोपा होता. निकाली प्रकरणांना सर्वांत जास्त गुण. चाळीसच्या खाली गेलं की पुढच्या वर्षी पद बंद, खोली पुन्हा चेंडूंना. बाईंना हे माहीत होतं. तरी त्यांनी एकही प्रकरण निकाली दाखवलं नव्हतं.

"दोन-चार तरी निकाली लिहायची होती," तो वैतागून म्हणाला. "कोण बघायला येतंय?"

"तुम्ही आलात की."

त्याला हसू आलं नाही. आज त्याला सगळ्याचाच वीट आला होता. सकाळी घरातून निघताना आक्काशीही वाजलं होतं. बायको जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून ही थोरली बहीण त्याचं घर सांभाळायला येऊन राहिली होती. "जातो गं," तो दारातून म्हणाला, तशी ती पोळपाट सोडून बाहेर आली. "रोज उठून काय रे जातो, जातो? येतो म्हणावं माणसानं." "तेच ते," असं म्हणून त्यानं दार ओढून घेतलं होतं.

"आणि हा शेवटचा रकाना बघा." त्यानं पेन्सिलीचं टोक रजिस्टरवर आपटलं. "निष्पत्ती. म्हणजे भेटीतून काय निघालं ते. तुम्ही काय लिहिलंय? 'जाते म्हणाली.' 'जाते म्हणाली.' अहो, उठून जाताना माणूस दुसरं काय म्हणणार?"

"खालपर्यंत वाचा ना."

तो हजेरी घेतल्यासारखा वाचत गेला. जाते म्हणाली. जाते म्हणाली. सोळा ओळी तशाच. सतराव्या ओळीपासून 'येते म्हणाली'.

"तेच ते," तो म्हणाला.

"तेच ते नाही." बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. मग त्यांनी तो खाली आणला. "ती खरंच जाणार होती, साहेब. दिवस ठरवून बसली होती. रोज दारात उभी राहून मला सांगायची, जाते. मला ते ऐकू यायला सहा भेटी लागल्या."

तपासनीसानं पेन्सिल रजिस्टरवरून उचलली.

"काय प्रकार होता?"

"तो तिचा आहे. तिच्या आईला माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे. रजिस्टरात येणार नाही."

"मग मी गुण कशावर देऊ?" त्याचा पारा पुन्हा चढला. "जाते-येतेला माझ्या फॉर्मात जागा नाही. आणि येते म्हणाली म्हणजे प्रकरण निकाली का? तेही नाही!"

"नाही. ती उद्याही येईल."

"म्हणजे शून्य."

"तर मग शून्य लिहा."

बाईंनी जरा गयावया केली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्यानं रकाने भरले. बेरीज तो आधी पेन्सिलीनं लिहायचा आणि ऑफिसात जाऊन शाईनं गिरवायचा. चौतीस. त्यानं फॉर्म बॅगेत घातला आणि टेबलाला धरून कसाबसा उठला.

"नियम मी केलेले नाहीत, मॅडम."

"नाहीच."

दाराशी जाऊन त्यानं मागे न बघता म्हटलं, "बरं. जातो मी."

रजिस्टर मिटता मिटता बाईंचा हात थांबला.

"बसा," त्या म्हणाल्या.

"सही राहिली का कुठे?"

"नाही. बसा जरा."

बाहेर घंटा झाली. मुलं ओरडत व्हरांड्यातून धावत सुटली. तेच ते, असं म्हणून त्याला निघायचं होतं. ते तोंडातून बाहेर पडेना. पोरांचा गलका मैदानावर गेला तरी तो तसाच उभा होता. मग तो परत आला आणि त्या लहान खुर्चीत बसला.

बाईंनी पेलाभर पाणी त्याच्यापुढे ठेवलं. "काय झालं?"

पाणी पिऊन त्यानं पेला खाली ठेवला. बॅगेतून फॉर्म काढला. खोक्यातलं एक खोडरबर घेतलं आणि चौतीसचा आकडा पुसून टाकला. पुसलेल्या जागेवरचा चुरा बोटानं गोळा करत राहिला.

"काही नाही," तो म्हणाला.