ट्रिमचं चाक

“परत पाठव लेकीला हा खेळ!” ह्यांनी जॉयस्टिक सोडली आणि पडद्यावरच्या विमानाने पुन्हा नाक खाली घातलं. पक्षाघातातून सावरणारा उजवा हात दमला होता.

मी व्हिडिओ बघून तयारीत होते. “अहो, ट्रिमचं चाक आहे ना! हातावरचा भार तेच घेतं. आधी तुम्ही नाक वर धरा.”

“तूच धर.”

“मी फक्त चाक फिरवणार. वैमानिक तुम्ही.”

दात आवळून त्यांनी धरलं. हात थरथरत होता. मी माउसने चाक फिरवत गेले, तशी थरथर ओसरली.

“आता सोडा.”

“पडेल गं!”

“सोडा म्हणते ना!”

बोटं उघडली. विमान सरळच चाललं होतं.

“बाईसाहेब, विमानात चहा मिळतो का?”

“मिळतो. पण कप याच हाताने धरायचा.”