‘डिड’च्या डोईवरचा हंडा

"साधा भूतकाळ कळेना, दहावी कशी होणार गं तू?" इंग्रजीच्या सरांचा तो आवाज पस्तीस वर्षांनीही माझ्या कानात होता. नापासच झाले मी; सासरी मात्र पास सांगितलं.

आता महिनाभर सून नातीला तोच भूतकाळ शिकवत होती आणि शेजारी पापड लाटता लाटता मी ऐकत होते.

"‘डिड यू वेंट’ का चूक?" सुनेनं विचारलं. नात पेन्सिल चावू लागली.

माझ्याच तोंडून निघालं, "अगं, भूतकाळाचा हंडा ‘डिड’नं डोईवर घेतला, आता ‘गो’नं मोकळंच चालायचं की!"

"आजी, तू चोरून शिकतेस!" नात किंचाळली.

सून थक्क. "आई, दहावीचं अजून लक्षात आहे?"

मी लाटणं खाली ठेवलं. "नाही गं. मी दहावी नापास आहे. यंदा माझा दहावीचा फॉर्म भर!"