जरा जवळ या

थोरला डावीकडे सरकला म्हणून धाकटा उजवीकडे सरकला, आणि दोघेही चौकटीत मावावेत म्हणून फोटोग्राफर स्टँडसकट मागे सरकला. असं पुन्हा पुन्हा झालं. शेवटच्या खेपेला स्टँडचा मागचा पाय दारातल्या पायरीवरून खाली घसरला आणि कॅमेरा दाराबाहेर उताणा पडला.

आवाज फारसा झाला नाही. एवढ्या नुकसानीला जरा तरी मोठा आवाज शोभला असता.

दोघा भावांच्या मधोमध खुर्चीत त्यांची आई बसली होती. बसची वाट बघणारी बाई दोन हातांत दोन पिशव्या धरते, तशी तिने दोघांची मनगटं धरली होती.

"आई, त्याला म्हणावं, जवळ उभा राहिला असतास तर ही वेळ आली नसती," थोरला म्हणाला.

"आई, त्याला म्हणावं, आधी कोण सरकलं ते आठव," धाकटा म्हणाला.

"आधी त्यांना कॅमेरा बघू दे," आई म्हणाली. तिने कोणालाच काही म्हटलं नाही.

फोटोग्राफरने कॅमेरा उचलून त्यावर फुंकर मारली. फुंकरीने बरं होईल असं त्यात काही उरलं नव्हतं. मागची काच तडकून काळी पडली होती. लेन्स मान लचकल्यासारखी एका अंगाला झुकली होती. त्याने बटण दाबलं. काही झालं नाही. मग जोरात दाबलं, जणू पहिल्यांदा त्याला ऐकू गेलं नसावं.

दिवे, खुर्च्या आणि लोकांच्या कॉलरी बघायचं काम त्याच्या बायकोकडे असे. ती दिव्याची वायर सरळ करण्याच्या निमित्ताने जवळ आली.

"गेला?"

"गेला."

"मग सांगून टाका ना. दुसरा दुरुस्तीला दिलाय, उद्या या म्हणावं."

"उद्या येतील हे?"

दोघांनी खुर्चीकडे बघितलं. सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधीच म्हातारी दारात उभी होती. "आज दोघं यायला कबूल झालेत," ती म्हणाली होती, "पुढच्या वेळी एकत्र येतील ते मला पोचवायलाच." सुना बाहेर आपापल्या गाड्यांत बसून होत्या. दोन्ही गाड्यांची इंजिनं चालू होती.

फोटोग्राफरने घसा साफ केला. "काय करू या, तोवर एखादा मोबाईलवर..."

"मोबाईलवरच काढायचा तर इथवर कशाला आलो?" थोरला म्हणाला.

"तेच म्हणतोय मी," धाकटा छताला म्हणाला.

भावांचं प्रथमच एकमत झालं होतं. ते मोडायची फोटोग्राफरची छाती झाली नाही.

"बिघडला असेल तर तसं सांगा," थोरला घड्याळ बघत म्हणाला. "म्हणजे आम्ही मोकळे."

धाकट्याने हळूहळू मनगट सोडवून घ्यायला सुरुवातही केली होती.

"चालतोय," फोटोग्राफर म्हणाला.

त्याने मेलेला कॅमेरा स्टँडवर चढवला आणि त्याच्यामागे वाकून एक डोळा मिटला. समोर मिट्ट काळोख होता. डावा हात त्याने बाजूच्या फ्लॅशवर नेऊन ठेवला. फ्लॅशला स्वतःचं बटण होतं. डोळ्यांपुढे लख्ख झालं की फोटो निघाला असं लोकांना वाटतं, एवढ्यावर त्याची सगळी भिस्त होती.

बायकोने त्याच्याकडे बघितलं. मग ती थोडी बाजूला, दिव्याच्या सावलीत जाऊन उभी राहिली आणि आलेला मेसेज वाचावा तसा मोबाईल हातात धरला.

"जरा जवळ या," ती म्हणाली.

कोणी हललं नाही. मग आईने दोन्ही मनगटं आपल्याकडे ओढली. वयाच्या मानाने ओढ बरीच जोराची होती. दोघांचे खांदे खुर्चीच्या पाठीला येऊन टेकले.

"इकडे बघा. लेन्सकडे," फोटोग्राफर म्हणाला. फ्लॅश उडाला. "थोडं हसा." थोरला दाढ दुखत असल्यासारखा हसला. फ्लॅश उडाला. "आणखी एक." हे तो का म्हणतोय ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं, थांबलं की कोणीतरी काहीतरी विचारेल, एवढंच कळत होतं.

थांबावं लागलंच.

"दाखवा बघू कसा आलाय," म्हणत थोरला निघालाच कॅमेऱ्याकडे. फोटोग्राफर कॅमेरा आणि थोरला यांच्यामध्ये उगाचच उभा राहिला.

"मला उठवा आधी," खुर्चीतून आई म्हणाली. "पाय बधिर झालाय."

थोरला मागे वळला.

"एकट्याने नाही जमायचं. दोघं या."

दोघांनी तिला दोन बाजूंनी उठवलं आणि तसंच दाराकडे नेलं. "पायरी आहे," थोरला म्हणाला. आईला म्हणाला की पलीकडे धाकट्याला, ते कळलं नाही. मग दोन गाड्या दोन दिशांना गेल्या.

फोटोग्राफर त्याच खुर्चीत बसला. बायकोने मोबाईल त्याच्यापुढे धरला. त्याने एकेक फोटो सरकवून बघितला आणि तोंड वाकडं केलं. धंद्याची सवय.

"फुकट गेलं सगळं. नजरा बघ. सगळे भलतीकडेच बघतायत, तिकडे कॅमेऱ्याकडे."

"सगळे नाहीत," बायको म्हणाली, आणि दोन बोटांनी तिने फोटो मोठा केला.

मधल्या खुर्चीतली म्हातारी सरळ मोबाईलकडे बघत होती. पहिल्या फोटोपासून.