चार सेकंदांची गाठ

यंत्रमागावरचा तुटलेला धागा कासदीने चार सेकंदांत सांधला. मान वर केली, तर बाकीचे उमेदवार अजून टोकंच शोधत होते.

"वा काका!" मुकादमबाई म्हणाल्या. "हात आहेत की जादू?"

कासदीच्या जिवात जीव आला. इंडोनेशियातल्या पेकालोंगानची, तो कामाला होता ती लुंग्यांची गिरणी बंद पडून साडेतीन वर्षं झाली होती. तेव्हापासून तो रोज सकाळी पलंगाच्या दांडीला धागा बांधून ही गाठ मारत होता. तुरियाह, त्याची बायको, आधी हसायची, मग चिडायची. काल मात्र तिने शांतपणे सांगितलं होतं, "उद्या नाही झालं तर मी मलेशियाला जाते, घरकामाला. एजंट होकाराची वाट बघतोय."

ऑफिसात भरती करणारा रिफ्कीसाहेब होता. वय सत्तावीस, अर्थशास्त्र शिकून आलेला, सगळं पाठ. त्याने अर्जातल्या रिकाम्या साडेतीन वर्षांवर बोट ठेवलं.

"फार दिवस बसून राहिलात, काका. बसलेल्या माणसाचं कसब जातं. आलेखच तसा आहे, जितके महिने रिकामे तितकी रेघ खाली."

"साहेब, गाठ आत्ताच मारली मी. बाईंना विचारा."

"गाठ ठीक आहे हो. पण माणूस चांगला असता तर आधी नकार दिलेल्या नऊ गिरण्यांनी सोडला असता का?"

"त्यांनीही हेच विचारलं!" कासदीचा आवाज फाटला. "दुसऱ्याने घेतलं नाही म्हणून हा घेत नाही. कुणीतरी पहिलं व्हा ना, साहेब. महिनाभर फुकट राबतो. पोरांची आई परदेशी चाललीय हो!"

रिफ्की काही वाईट माणूस नव्हता. त्याने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"असं करा, आधी कुठेतरी सहा महिने काम करा. मग या. मी स्वतः घेईन तुम्हाला."

बाहेर मुकादमबाई निवडलेल्या पोरींना कासदीची गाठ दाखवत होत्या. "अशी बसली पाहिजे. बोट फिरवून बघा, लागतसुद्धा नाही."

तो फाटकाबाहेर आला आणि फोन वाजला. तुरियाह होती.

"अहो, घेतलं का?"

तेवढ्यात आतला एक माग थांबला. धागा तुटला असणार. कासदीची बोटं आपोआप हलली. तो मनात मोजू लागला. चार झाले, दहा झाले, तीस झाले.

"अहो, बोला ना!"

"एजंटाला हो म्हण," तो म्हणाला.

माग अजून बंदच होता.