चोराची विचारपूस

ऑनलाइन फसवणुकीवर व्याख्यानं देत फिरणाऱ्या साहेबांचाच फोन हॅक झाला आणि चोर त्यांच्या नावाने नातेवाइकांना मेसेज करून पैसे मागू लागला. साहेब धावतच दोन गल्ल्यांपलीकडच्या थोरल्या बहिणीकडे पोहोचले. ताई गुडघ्याला पट्टा बांधून बसली होती. "पाठवले नाहीस ना गं पैसे?" "छे! तू नव्हेस हे पहिल्याच ओळीत कळलं." आपली व्याख्यानं वाया गेली नव्हती तर! साहेब खुलले. "शाब्बास! कशावरून ओळखलंस?" ताईने मोबाइल पुढे केला. 'ताई, गुडघे कसे आहेत?' "तू कधी विचारतोस का रे?" साहेबांची मान खाली गेली. प्रश्नाखाली ताईचं लांबलचक उत्तर होतं: ठणका, जिना, ऑपरेशनची भीती. "अगं, चोराला एवढं सांगितलंस?" "कुणीतरी विचारलं रे." साहेब पट्ट्याकडे बघत राहिले. ओठांवर आलेला प्रश्न चोर आधीच विचारून गेला होता.